विश्वास नसताना वारी होते का, आणि आजीची माळ घालावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे तिशीतले, पुण्यात नोकरीला. आजी वारकरी होती, ती गेली, तिची तुळशीची माळ देवघरात आहे. घरचे म्हणतात, आता तू घाल. यांना देवावर विश्वास आहे असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. अशाने माळ घातली तर ते ढोंग होईल का? आणि मुळात धर्म, संप्रदाय, अध्यात्म हे सगळं माणसाच्या आयुष्यात नेमकं करतं तरी काय?

मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो. १९९१ पासून, मधली काही वर्षं सोडली तर, आळंदी ते पंढरपूर पायी जातो. गेली काही वर्षं आमच्या दिंडीची वीणा माझ्याकडे असते. उत्तर द्यायचा अधिकार म्हणाल तर एवढाच.

आधी सरळ सांगून टाकतो. विश्वास नसताना वारी होते. पहिली सात-आठ वर्षं मी तशीच केली. माळ मात्र लगेच घालू नका. का, ते शेवटी सांगतो.

माझे वडील दिंडीत टाळकरी होते. ते गेले त्या वर्षी दिंडीप्रमुख घरी आले. दोन मिनिटं सांत्वनाचं बोलले आणि म्हणाले, "मास्तर, रांगेत एक माणूस कमी पडतंय. तुम्ही या." मी म्हटलं, "माझा या गोष्टींवर विश्वास नाही." ते म्हणाले, "टाळ धरता येतो का?" येत होता, लहानपणी वडिलांनीच शिकवला होता. "मग झालं," म्हणाले आणि चहा पिऊन गेले. मला राग आला होता. एवढ्या मोठ्या प्रश्नाची ही काय वासलात! शाळा नुकत्याच सुरू झालेल्या, त्यामुळे बिनपगारी रजा टाकली, मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली आणि गेलो. बापाची जागा रिकामी दिसू नये एवढंच मनात होतं.

त्या म्हाताऱ्याने प्रश्नाची वासलात लावली नव्हती, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आपल्या भाषेत धर्म हा शब्द कसा वापरतात ते बघा. शेजारधर्म, दानधर्म, धर्मशाळा. दारात आलेला भिकारी "धर्म करा" म्हणतो. यातल्या एकाही ठिकाणी तुम्ही काय खरं समजता याची चौकशी नाही, तुम्ही काय करता याची आहे. आजीच्या तोंडी तुम्ही "नेमधर्म" हा शब्द ऐकला असेल. त्यातही नेम आधी येतो. माळ घालतानासुद्धा कुणी "देव आहे हे पटतं का" असं विचारत नाही. विचारतात ते असं: एकादशी कराल का? आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री यातली एक तरी वारी नेमाने कराल का? मांसमच्छी आणि दारू सोडाल का? रोज हरिपाठ म्हणाल का? सगळे प्रश्न हातापायांना आणि जिभेला विचारलेले.

आता विश्वासाचं. आपण म्हणतो, "मी देव मानतो." हे मानणं मला फार आवडतं. एखाद्या बाईने तुम्हाला भाऊ मानलं की ती मानलेली बहीण होते. तिचं-तुमचं रक्त एक नाही हे दोघांनाही ठाऊक असतं. नातं टिकतं ते भाऊबीजेला जाण्याने, तिच्या अडचणीला उभं राहण्याने. पाच वर्षं गेला नाहीत तर ते नातं खोटं ठरत नाही, विझून जातं. रिंगणात, म्हणजे वाटेवर वारकरी गोल करून उभे राहतात त्या मधल्या जागेत, मोकळ्या पाठीचा घोडा धावतो, त्यावर माउली, म्हणजे ज्ञानेश्वर महाराज, बसले आहेत असं मानतात, आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं धावतात. त्यातल्या कुणालाही विचारा, घोड्यावर कुणी दिसतं का? "नाही" म्हणेल. आणि पुन्हा वाकून माती उचलेल. तरुणपणी मी याला अंधश्रद्धा म्हणत होतो. आज म्हणत नाही. सातशे वर्षांपूर्वी समाधी घेतलेल्या माणसाशी मानलेलं नातं आहे ते, आणि त्या नात्याची भाऊबीज म्हणजे वारी. (रिंगणाबद्दल एवढंच. त्याची छायाचित्रं तुम्ही खूप पाहिली असतील; वारकऱ्यांची बाकीची कामं छायाचित्रात येत नाहीत.)

त्यातलं एक सांगतो. गावोगाव हरिनाम सप्ताह होतात. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. माणसं पाळीपाळीने ती गळ्यात घालून उभी राहतात, त्याला पहारा म्हणतात. नवखा म्हणून मला रात्री दोन ते चारची पाळी मिळाली. कीर्तनाला हजारभर माणूस होतं, आता मंडपात दोन म्हातारे घोरत पडलेले, एक कुत्रं, एक फडफडणारी ट्यूबलाइट आणि मी. सव्वातीनला पोटऱ्या भरून आल्या. मनात आलं, ठेवली पाच मिनिटं वीणा खाली तर कुणाला कळणार आहे? देवाला कळेल असं वाटत नव्हतं, कारण देव मानतच नव्हतो. पण माझ्या आधी दोन तास एक रिक्षावाला दिवसभराची पाळी करून उभा राहिला होता. चार वाजता गावातला गवंडी येणार होता. तो आलाच, तोंडावर पाणी मारून, ओले हात धोतराला पुसत. त्याने माझ्या पाया पडून वीणा घेतली, मी त्याच्या पाया पडलो. त्या पोराला, म्हणजे वयाने पोरच तो, मी पाच वर्षांपूर्वी नववीत नापास केलं होतं.

मला देव भेटला नाही त्या रात्री. पण आपल्या आधी कुणी उभं होतं आणि आपल्यानंतर कुणी येणार आहे, हे मी पोटऱ्यांनी शिकलो. धर्म माणसाच्या आयुष्यात काय करतो या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडचं पहिलं उत्तर हेच आहे. तो तुम्हाला पाळी लावून देतो.

दुसरं उत्तर जरा गुंतागुंतीचं. दिंडीत माणसं तुमच्या आवडीची नसतात. मित्रमंडळ तुम्ही निवडता, दिंडी निवडत नाही. जो येईल तो रांगेत. आमच्या दिंडीत माझा बांधाचा शेजारी आहे. त्याच्याशी आमचा दोन हात रुंद बांधावरून दिवाणी दावा होता. वारीत मात्र रोज पहाटे भेटला की "माउली" म्हणून एकमेकांच्या पाया पडायचं, हा रिवाज. पहिल्या वर्षी मी वाकलो तेव्हा कान तापले होते. त्याचेही तापले असतील. तुम्हाला वाटेल आता मी सांगणार, आमचा वाद मिटला. नाही मिटला. दावा चालू राहिला आणि निकाल माझ्या विरुद्ध गेला. पण त्या सगळ्या वर्षांत आमचं बोलणं थांबलं नाही, बायका एकमेकींच्या घरी जात राहिल्या आणि कुणी कुणाच्या उभ्या पिकात गुरं सोडली नाहीत. आमच्या भागात बांधावरून कुऱ्हाडी निघतात, तेव्हा हे काही थोडं नाही.

आणि भांडणंही होतात बरं का. लाखांचा समुदाय पंधरा-अठरा दिवस उघड्यावर राहतो. पाण्यावरून, जागेवरून, पुढे-मागे होण्यावरून कटकटी होणारच. त्यावर परंपरेने केलेली सोय मला तिच्या तत्त्वज्ञानाइतकीच थोर वाटते. संध्याकाळी पालखी तळावर आली की सगळ्या दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ चाललेला असतो. शिस्त सांभाळणारा चोपदार आपली काठी, म्हणजे चोप, उंच करतो आणि पाहता पाहता सगळं शांत होतं. जिची तक्रार असेल ती दिंडी मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, तोड सांगतात. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, उद्या निघायची वेळ सांगतात आणि समाजआरती होते. एका वर्षी आमच्या तंबूंची जागा दुसऱ्या दिंडीने धरली होती. आम्ही टाळ थांबवले नाहीत. एवढ्या मोठ्या शांततेत आपल्याच पंचवीस जणांचे टाळ वाजताना काय वाटतं ते सांगता येत नाही, थोडी लाजही वाटते. चोपदारांनी दोन मिनिटांत निवाडा केला आणि रात्री त्याच दिंडीकडून पिठलं आलं.

ही शिस्त हैबतबाबा आरफळकरांची. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेला हा माणूस आळंदीला येऊन राहिला आणि त्याने १८३२ च्या सुमारास माउलींच्या पालखीला आजचं रूप दिलं. घोडे अंकलीच्या शितोळे सरकारांकडचे. दिंड्यांचा क्रम ठरलेला, काही रथापुढे, बाकीच्या मागे. तुकोबांची पालखी त्याआधीची. त्यांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली ती सुरू केली. भक्ती मोकाट नसते, तिच्या मागे असा कुणीतरी हिशेबी माणूस लागतो.

आता जे सांगताना आम्हा वारकऱ्यांची मान खाली जाते ते सांगतो, नाहीतर हे उत्तर अर्धंच राहील.

पंढरपूरला महाद्वारात नामदेव पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. चोखामेळा मंगळवेढ्याचे. गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून त्यात ते गेले, १३३८ साली. हयातीत त्यांना देवळात पाऊल टाकता आलं नाही. आम्ही मात्र तेव्हापासून त्यांचे अभंग टाळाच्या ठेक्यावर गातो आहोत. भेदाभेद अमंगळ म्हणतो आहोत. आणि ज्यांच्या घरात चोखोबा जन्मले त्या समाजाला शतकानुशतकं त्याच दाराबाहेर उभं करत होतो. १९४७ साली, १ मे रोजी, साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण मांडलं, तेव्हा १० मेला मंदिर सर्वांना खुलं करण्याचं ठरलं आणि उपोषण सुटलं. गुरुजींना विरोध करणाऱ्यांत गळ्यात माळ असलेलेही होते. बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे मंदिरावरचे वंशपरंपरागत हक्क संपल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला २०१४ उजाडावं लागलं.

म्हणून "धर्म माणसाला जोडतो" असं कुणी म्हणालं की मी विचारतो, कुणाला बाहेर ठेवून? पाळी लावून देणारी व्यवस्थाच पाळी नाकारूही शकते. परंपरेत राहायचं तर हे माहीत असून राहावं लागतं. मी राहिलो, कारण दार बंद करणारे आमचेच होते तसे दार उघडा म्हणणारे शब्दही आमच्याच भजनात होते. आजही आमच्याकडे सगळं आलबेल नाही. बायका दिंडीत निम्म्याहून कमी नसतात. डोक्यावर तुळस आणि पाण्याचा हंडा घेऊन मागे चालतात, मुक्कामाला पोहोचल्यावर भाकऱ्या थापायलाही त्याच बसतात, आणि वीणा मात्र बहुतेक दिंड्यांत पुरुषाच्या गळ्यात. आमच्या दिंडीत हा विषय मी दोनदा काढला. दोन्ही वेळा हसण्यावारी गेला. तिसऱ्यांदा काढणार आहे.

बुवा-महाराजांबद्दल थोडक्यात. नवसाने मुलं होत असती तर नवरा कशाला करायचा, असं तुकोबांनी पावणेचारशे वर्षांपूर्वी रोखठोक विचारलं. जिथे कीर्तन करायचं तिथे जेवूसुद्धा नये, असंही त्यांनीच सांगितलं. आज काही कीर्तनकारांची बिदागी ऐकली तर ट्रॅक्टरचा हप्ता आठवतो. कुणी तुम्हाला अडचण सोडवून देतो म्हणाला आणि रक्कम सांगितली, की उठा. आणि औषधाच्या जागी नाम घेऊ नका. आमच्यातल्या एकाने "माउली बघतील" म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या घरी ठेवल्या आणि दिवे घाटाच्या चढाला बसकण मारली. तेव्हापासून सामानाचा ट्रक भरताना प्रत्येकाच्या गोळ्यांची पिशवी बघितली जाते. मन खचलेलं असेल तरी हेच. आधी डॉक्टर, मग टाळ.

२०२० साली पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. त्या अठरा दिवसांत मला कळलं की यातलं आपल्यापाशी नक्की काय उरतं. रस्ता गेला, गर्दी गेली, चंद्रभागेचं स्नान गेलं. आम्ही पंचवीस-तीस जणांनी रोज संध्याकाळी फोनवर एकत्र हरिपाठ म्हणायचं ठरवलं. आवाज मागेपुढे व्हायचे, ठेका जुळायचा नाही, कुणाची म्हैस मध्येच हंबरायची. सुरू करण्याआधी कुणीतरी सांगायचं, "आज आपण वाल्ह्याला आहोत", "आज लोणंदला". घरात खुर्चीवर बसून मला वाल्ह्याच्या माळावरचा वारा लागायचा. आमच्यातले दोघे त्या साथीत गेले. एकाच्या अंत्यविधीला कुणालाच जाता आलं नाही, तेव्हा त्या संध्याकाळी त्याच्या वाटचा अभंग, जो नेहमी तोच उचलायचा, कुणी उचललाच नाही. तेवढा वेळ सगळे फोन गप्प राहिले. शोक कसा करायचा हे त्या दिवसांत भल्याभल्यांना सुचत नव्हतं. आम्हाला निदान केव्हा गप्प बसायचं ते माहीत होतं.

तुम्ही विचाराल, मास्तर, आता तुमचा विश्वास आहे का? खरं सांगतो. पहाऱ्याला उभा असतो तेव्हा विठ्ठल असतो. नंतर त्याबद्दल बोलायला लागलो की शंका येते. म्हणून कमी बोलतो.

आता तुम्ही काय करावं. पुण्यात आहात तर एक टप्पा चाला. पुण्यात मुक्काम करून पालखी सासवडला निघते तो टप्पा घ्या, बहुधा एकादशीचा असतो. सगळ्या वाटेतला हा लांब, तीस किलोमीटरच्या आसपास, त्यात दिवे घाट आणि त्यात उपास. नवे बूट घालू नका, जुनी मळकी चप्पल घाला. कुठल्याही दिंडीच्या मागे लागा आणि विचारा, चालू का? कुणी नाव-गाव-जात विचारणार नाही. कुणी विचारलीच, तर ती दिंडी सोडून पुढच्या दिंडीत जा. टाळ येत नसेल तर पताका धरा. पुढच्या वर्षी पूर्ण वाट चालायची झाली तर दिंडीत भिशी भरावी लागते, म्हणजे अठरा दिवसांच्या जेवणाखाण्याची वर्गणी. त्यात सामानाचा ट्रक, तंबू, टँकरचं पाणी आलं. पंढरपुरात पोहोचल्यावर दर्शनाच्या रांगेत एक दिवस जाऊ शकतो. आमच्यातले बरेच जण रांगेत लागतच नाहीत. चंद्रभागेत बुडी मारतात, नामदेव पायरीला डोकं टेकतात, कळसाकडे बघून हात जोडतात. एवढं चालून देव न बघता परत? माझाही पहिल्या वर्षी हाच प्रश्न होता. शेजारचा म्हातारा म्हणाला, "त्याने बघितलं की आपल्याला."

जमलं तर कधीतरी परतवारीही करा. पौर्णिमेला गोपाळपूरला काला झाला की पालखी माघारी निघते आणि जाताना लागले त्यापेक्षा कमी दिवसांत आळंदी गाठते. लाखांतली मूठभर माणसं उरलेली असतात. जाताना ज्या चौकात रांगोळ्या आणि केळी वाटणारे उभे होते, तिथे येताना एखादं पोर सायकलवरून बघत निघून जातं. पाऊस असतोच. मला ती वाट जास्त आवडते, पण नवख्याला पहिल्यांदा ती सांगत नाही.

आणि माळ. लगेच घालू नका म्हटलं ते याचसाठी की माळ म्हणजे आजीची आठवण नव्हे, तिच्याबरोबर नेम येतो. ती तुटली तर पुन्हा ओवून गळ्यात घातल्याशिवाय आमच्याकडे जुनी माणसं अन्न घेत नाहीत. माझी एकदा एसटीत तुटली. अर्धे मणी सीटखाली गेले आणि मी स्वारगेटपर्यंत उपाशी. हे सगळं तुम्हाला ओझं वाटत असेल तर काहीही बिघडत नाही. आजीही रागावणार नाही. एक-दोन वर्षं एकादशी करून बघा, नुसती. साबुदाण्याची खिचडी हादडण्याची नव्हे, खरी. जमली, आणि माळ घालावीशी वाटली, तर आजी ज्या फडाची, म्हणजे एका महाराजांच्या परंपरेतल्या वारकऱ्यांच्या ज्या गटाची, होती त्या फडावर जा, तिथले महाराज घालतील. त्याचे पैसे लागत नाहीत.

तोवर एक काम करा. देवघरातली ती माळ उचलून दोरा बघा. वापरात नसलेल्या माळेचा दोरा कुजतो आणि हात लावला की मणी घरभर होतात. आळंदीला इंद्रायणीच्या घाटाकडे जाताना माळा ओवून देणारे बसतात. तिथे नेऊन ओवून घ्या आणि पुन्हा होती तिथे ठेवा.